चाराचे बारा झाले, आता सोळा की चोवीस? कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंडियाना विद्यापीठात शिकायला ब्लूमिंग्टनला आलो तेव्हा तिथे फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, तिकीट मागायची वेळच येत नसे. गाव बास्केटबॉलचं. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की लोक पार्किंगमध्ये जमून खायचे-प्यायचे, पूर्वार्धापुरते आत जायचे आणि मध्यंतरानंतर निम्मं स्टेडियम रिकामं दिसायचं. 19 जानेवारी 2026 ला त्याच विद्यापीठाचा संघ एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेता झाला. त्या रात्रीपासून पुण्याच्या चुलतभावापासून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांपर्यंत सगळे मला एकाच विषयावर प्रश्न विचारताहेत: कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेर राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्या. ज्यांची मुलं, भाचे, पुतण्या एमएससाठी अमेरिकेत आल्या आहेत त्यांच्याही घरी हा विषय पोहोचलाय. तीच ती उत्तरं वेगवेगळ्या गटांवर देण्यापेक्षा सगळी इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

कॉलेजच्या मुलांची स्पर्धा ती. तिच्यात किती संघ घ्यायचे यावर एवढं रान का पेटतं?

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांपुढे आणल्या तर याचा अंदाज येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,000 हून जास्त माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढी. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत मोठ्या व्यावसायिक लीगचा संघच नाही. अलाबामात नाही, ओक्लाहोमात फुटबॉलचा नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ असतो. आजोबांनी जपलेलं सीझन तिकीट नातवाकडे येतं. त्यात वरच्या श्रेणीत सुमारे 136 विद्यापीठं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात फक्त 12 सामने येतात. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. मग चांगला कोण हे ठरवायला कुणाच्या तरी मतावर अवलंबून राहावं लागतं, आणि जिथे मत आलं तिथे वाद येणारच.

प्लेऑफ नव्हता तेव्हा विजेता कसा ठरायचा?

मतदानाने. हे ऐकून नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण खरं आहे. 1936 पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार आपली क्रमवारी देत आले. 1950 पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी आली. हंगाम संपला की चांगल्या संघांना 'बाउल' नावाच्या सामन्यांची आमंत्रणं जायची. त्यांतला सर्वांत जुना पॅसाडेनाचा रोझ बाउल, पहिल्यांदा 1902 मध्ये झालेला. हे सामने ठरलेल्या कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) व्हायचे, त्यामुळे पहिला आणि दुसरा समोरासमोर येतीलच असं नव्हतं. 1990, 1991 आणि 1997 या तीन हंगामांत पत्रकारांचा विजेता एक आणि प्रशिक्षकांचा दुसराच. 1997 मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित होते, दोघांनीही अर्धं अर्धं विजेतेपद घेतलं आणि ते एकमेकांशी कधी खेळलेच नाहीत.

1998 मध्ये बीसीएस नावाची पद्धत आली. मतदान आणि संगणकाची गणितं एकत्र करून वरचे दोन संघ निवडायचे आणि त्यांचा एक अंतिम सामना लावायचा. 2004 मध्ये ऑबर्नने एकही सामना गमावला नाही, तरी दार बंद, कारण त्यांच्या वर आणखी दोन अपराजित संघ होते. 2011 च्या हंगामात अंतिम सामना एलएसयू (लुइझियाना स्टेट) विरुद्ध अलाबामा असा झाला. दोघं एकाच कॉन्फरन्सचे, त्याच हंगामात एकदा खेळून झालेले. बाकी देशाने ती लढत कपाळाला आठ्या घालून पाहिली. चार संघांचा प्लेऑफ यायला त्या सामन्याचा मोठा हातभार लागला असं माझं मत आहे.

2014 ला चार संघ आले. तेवढ्याने का भागलं नाही?

कारण मोठ्या कॉन्फरन्स पाच होत्या आणि जागा चार. पहिल्याच वर्षी टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) संघ निवडणाऱ्या समितीच्या क्रमवारीत तिसरा होता. शेवटचा सामना त्यांनी 55-3 असा जिंकला आणि पुढच्या क्रमवारीत ते सहाव्या क्रमांकावर गेले. चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली. गंमत म्हणजे ओहायो स्टेटनेच ते विजेतेपद जिंकलं, त्यामुळे समितीचा निर्णय योग्य ठरला. टीसीयूला मात्र स्वतःला सिद्ध करायची संधी मिळाली नाही ती नाहीच.

मी एकदा बसून हिशेब केला होता. 2014 ते 2023 या दहा हंगामांत मिळून 40 जागा होत्या. त्यांतल्या अलाबामाला 8, क्लेमसनला 6, ओहायो स्टेटला 5, ओक्लाहोमाला 4. म्हणजे 23 जागा चार विद्यापीठांकडे. सगळे मिळून फक्त 15 विद्यापीठांनी त्या दहा वर्षांत प्लेऑफचं तोंड पाहिलं. कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेलं नोटर डेम विद्यापीठ सोडलं तर पाच मोठ्या कॉन्फरन्सच्या बाहेरचा एकच संघ आत आला, 2021 चा सिनसिनाटी. 2017 मध्ये युसीएफने (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने) तेराच्या तेरा सामने जिंकले, शेवटच्या सामन्यात ऑबर्नला 34-27 असं हरवलं, तरी त्यांना चारांत जागा नव्हती. त्यांनी स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेता जाहीर केलं. तेव्हा पुष्कळांनी त्याची थट्टा केली. मला ती कधीच थट्टेची बाब वाटली नाही. सगळे सामने जिंकूनही आणखी काय करायला हवं होतं, या त्यांच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

फ्लोरिडा स्टेटचं प्रकरण नक्की काय होतं?

2023. फ्लोरिडा स्टेटने 13 पैकी 13 सामने जिंकले, आपल्या एसीसी कॉन्फरन्सचं विजेतेपदही घेतलं. पण नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पायाला दुखापत होऊन बाहेर गेला. समितीने म्हटलं, हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही, आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची चार संघांच्या काळातली ती पहिली आणि शेवटची वेळ. नंतर बरेच खेळाडू बसलेले असताना फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून 63-3 अशी हरली. 'बघा, समितीचं बरोबर होतं,' असं म्हणणारे तो आकडा पुढे करतात. मला ते पटत नाही. ज्यांच्यापुढचं ध्येयच काढून घेतलं, त्या मुलांच्या एका उदास संध्याकाळवरून आधीचे तेरा विजय तोलायचे नसतात.

बारा संघांचा निर्णय तोवर झालेला होता. एक वर्ष आधी लागू झाला असता तर हे घडलं नसतं.

बारा हा आकडा आला कुठून?

जून 2021 मध्ये चार जणांच्या एका गटाने हा प्रस्ताव मांडला. त्यात एसईसी या दक्षिणेकडच्या मोठ्या कॉन्फरन्सचे ग्रेग सँकी आणि नोटर डेमचे जॅक स्वॉरब्रिकही होते. हेतू सरळ होता: कॉन्फरन्सच्या विजेत्यांना हक्काची जागा, बाकीच्या जागा क्रमवारीवर, वरच्या चौघांना पहिल्या फेरीत विश्रांती. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात जुलैमध्ये बातमी फुटली की टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग 12 कॉन्फरन्स सोडून एसईसीत चाललेत. बाकीच्या कॉन्फरन्सचा विश्वास उडाला. ज्यांच्याबरोबर आपण टेबलावर बसलोय तेच आपलं घर फोडताहेत, अशी भावना झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये बोलणी फिसकटली. शेवटी विद्यापीठांच्या अध्यक्षांनी सूत्रं हातात घेतली, सप्टेंबर 2022 मध्ये बारा संघांना मंजुरी दिली, आणि रोझ बाउलवाले राजी झाल्यावर 2024 च्या हंगामापासून ते सुरू झालं.

दरम्यान पॅक-12 ही पश्चिम किनाऱ्याची शंभरी ओलांडलेली कॉन्फरन्स कोसळली. बारांपैकी दहा संघ निघून गेले. मागे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच उरले. त्यामुळे सहा विजेते आणि इतर सहा असं ठरलेलं सूत्र फेब्रुवारी 2024 मध्ये पाच विजेते आणि इतर सात असं झालं.

आज नियम काय आहे?

13 जणांची निवड समिती नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला 25 संघांची क्रमवारी देते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास बारा नावं जाहीर होतात. पहिले चार थेट उपांत्यपूर्व फेरीत. पाच ते बारा यांची पहिली फेरी होते ती वरच्या मानांकनाच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानावर. पुढच्या दोन फेऱ्या बाउलच्या मैदानांवर आणि अंतिम सामना आधी ठरलेल्या तिसऱ्याच शहरात. एकदा हरलं की संपलं. आयपीएलसारखी पहिल्या दोघांना दुसरी संधी इथे नाही.

2026 पासून एक बदल आहे. एसईसी, बिग टेन, बिग 12 आणि एसीसी या चार मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना क्रमवारी न पाहता जागा मिळेल, आणि बाकीच्या सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांपैकी जो सर्वांत वर असेल त्या एकाला. 2025 पर्यंत क्रमवारीतले वरचे पाच विजेते घेत, मग ते कुठल्याही कॉन्फरन्सचे असोत.

विश्रांती मिळालेले संघच हरतात हे खरं का?

आकडे तरी तसंच सांगतात. 2024 मध्ये ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट या चौघांना विश्रांती मिळाली, चौघंही उपांत्यपूर्व फेरीत हरले. त्या वर्षी पहिली चार मानांकनं फक्त कॉन्फरन्सविजेत्यांना देण्याचा नियम होता, म्हणून क्रमवारीत नववी असलेली बॉइझी स्टेट आणि बारावी ॲरिझोना स्टेट वर गेल्या. गुणवत्तेने वर असलेल्या ओरेगनच्या वाट्याला मात्र फॉर्मात असलेली ओहायो स्टेट आली आणि 41-21 असा निकाल लागला. मे 2025 मध्ये नियम बदलून मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे केलं. तरी 2025 च्या हंगामात ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सास टेक हरले. दोन वर्षांत विश्रांती घेतलेल्या आठ संघांपैकी जिंकला एकच, इंडियाना.

मला यात दोष त्या मधल्या मोठ्या सुट्टीचा वाटतो. 6 डिसेंबरला सामना, पुढचा 1 जानेवारीला. 26 दिवस बसून राहिल्यावर लय मोडते. समोरचा संघ दहा-बारा दिवसांपूर्वी पूर्ण ताकदीने खेळून आलेला असतो. त्यातून बसलेल्याला घरचं मैदानही नाही. घरच्या मैदानाचा लाभ पाचव्याला मिळतो, पहिल्याला नाही. उपांत्यपूर्व सामने वरच्या मानांकनाच्या विद्यापीठात खेळवले तर हे पारडं पुष्कळ समतोल होईल.

खरंच, संघ वाढवून काय साधलं?

माझ्या लेखी पुष्कळ. 2024 च्या क्रमवारीत नोटर डेम पाचवा होता आणि ओहायो स्टेट सहावी. जुन्या पद्धतीने दोघेही घरी बसले असते. तेच दोघे अटलांटात अंतिम सामना खेळले आणि ओहायो स्टेटने तो 34-23 असा जिंकला. 2025 मध्ये मायामी दहाव्या मानांकनावर कसाबसा आत आला. पहिल्या फेरीत टेक्सास ए अँड एमच्या मैदानावर 10-3, मग गतविजेत्या ओहायो स्टेटला 24-14, मग ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) 31-27 असं हरवून तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

आणि संघ किती वेगवेगळे आले ते पाहा. दहा वर्षांत 15 विद्यापीठं आली होती. बारा संघांच्या पहिल्या दोनच वर्षांत 20 आली, त्यांतली 12 तर अगदी पहिल्यांदा. बॉइझी, टुलेन, जेम्स मॅडिसन, एसएमयू, ॲरिझोना स्टेट. ॲरिझोना स्टेटमध्ये आपल्याकडची किती मुलं शिकतात ते वेगळं सांगायला नको. 1 जानेवारी 2025 ला टेक्सासविरुद्धचा त्यांचा सामना दुसऱ्या जादा डावापर्यंत गेला, 39-31 असे हरले, पण त्या रात्री ज्या मुलांना आदल्या वर्षी टचडाउन म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं ती विद्यापीठाच्या टेंपी गावात भाड्याच्या घरात घसा बसेपर्यंत ओरडत होती.

माझ्याच संघाबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. 2025 चा इंडियाना पहिल्या क्रमांकावर होता. जागा चार असत्या, दोन असत्या तरी तो आत असता. पण 2024 चा आठवा इंडियाना नसता. 2023 मध्ये 3 विजय आणि 9 पराभव असलेला हा संघ. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी 11 सामने जिंकले. नोटर डेमला जाऊन 27-17 असे हरलो. मी त्या गोठवणाऱ्या थंडीत तिथे होतो. हरलो, पण इंडियाना प्लेऑफला पोहोचू शकते हे त्या रात्री देशाला दिसलं, आणि ज्या मुलांना पुढच्या वर्षी कुठे खेळायचं हे ठरवायचं होतं त्यांनाही दिसलं. पुढच्याच हंगामात कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा क्वार्टरबॅक म्हणून आला आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन चषक घेऊन गेला. दार किलकिलं झालं की आत शिरायला माणसं तयार असतात. मला वाढीव प्लेऑफचं सर्वांत मोठं मोल इथे दिसतं.

पण मग नियमित हंगामाला अर्थ काय उरला?

ही शंका रास्त आहे. 2024 मध्ये ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10 अशी हरली. पूर्वी नोव्हेंबरातला तसा पराभव म्हणजे हंगामाचा शेवट. या वेळी तीन आठवड्यांनी टेनेसीला 42-17 असं हरवून ते पुढे निघाले आणि विजेते झाले. मिशिगनचा विजय त्यामुळे किंचित हलका झाला, हे मी मान्य करतो.

दुसरी बाजू अशी, की पूर्वी ऑक्टोबर संपता संपता देशातल्या बहुतेक विद्यापीठांचा हंगाम संपलेला असायचा. आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारीही वीस-पंचवीस संघ गणितं मांडत असतात. बारांपर्यंत हा सौदा फायद्याचा आहे. चोवीसला तसा राहणार नाही. तीन पराभवांनंतरही जागा पक्की वाटू लागली की शनिवारची धडधड जाईल.

नोटर डेमला 2025 मध्ये का वगळलं? अन्याय झाला का?

नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यामुळे हक्काची जागा नाही. दहा विजय, दोन पराभव. मायामीचंही नेमकं तसंच. आठवड्यामागून आठवडा समितीने नोटर डेमला मायामीच्या वर ठेवलं, जरी हंगामाच्या सुरुवातीला मायामीने त्यांना 27-24 असं हरवलं होतं. शेवटच्या रविवारी, दोघांनीही त्या आठवड्यात एकही सामना खेळला नसताना, क्रम उलटला. समितीचं म्हणणं होतं की मधला बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) घसरल्यावर हे दोघे शेजारी आले आणि मग आपसातला सामना मोजला.

मायामीला जागा मिळणं मला योग्य वाटतं. मैदानावर जिंकलेला सामना मोजायलाच हवा. चूक झाली ती तोवरच्या पाच आठवड्यांत. दर मंगळवारी दूरचित्रवाणीसाठी अर्धवट क्रमवारी जाहीर करायची आणि शेवटी निकष फिरल्यासारखं दिसायचं, यात त्या मुलांच्या मनाशी खेळ होतो. नोटर डेमने रागाने बाउल सामना खेळायलाच नकार दिला. आता 2026 पासून ते पहिल्या बारांत असले तर त्यांची जागा नक्की असा नियम आलाय. एका विद्यापीठाच्या नावाने नियम असणं मला खटकतं.

टुलेन आणि जेम्स मॅडिसनसारख्या संघांना घेऊन काय उपयोग? ते हरतातच.

टुलेन ओल मिसकडून 41-10 अशी हरली आणि जेम्स मॅडिसन ओरेगनकडून 51-34. मान्य. क्रमवारीत ते 20 आणि 24 वर होते, आणि अकरावा नोटर डेम, बारावा बीवाययू बाहेर राहिले हेही खरं. पण मोठे संघ मोठ्या फरकाने हरत नाहीत का? 2024 मध्ये टेनेसी 25 गुणांनी हरली. 2022 च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टीसीयूला 65-7 असं धुतलं. 2026 च्या रोझ बाउलमध्ये अलाबामा 38-3 अशी हरली. अलाबामाला पुन्हा बोलवू नका असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जो नियम हंगामापूर्वी ठरलेला असतो त्याप्रमाणे मुलं खेळतात आणि जागा कमावतात. 136 विद्यापीठं एकाच श्रेणीत आहेत असं म्हणायचं आणि त्यांतल्या निम्म्यांना कितीही जिंकलात तरी वर जागा नाही असं सांगायचं, हे बरोबर नाही.

आता सोळा आणि चोवीसचं काय चाललंय?

मूळ भांडण आकड्यापेक्षा जागावाटपाचं आहे. एसईसी आणि बिग टेन यांच्याकडे 2026 पासूनच्या करारात स्पर्धेचं स्वरूप ठरवण्याचा मुख्य अधिकार आला. बिग टेनने आधी सोळा संघांची अशी योजना मांडली: एसईसीला हक्काच्या 4 जागा, बिग टेनला 4, एसीसीला 2, बिग 12 ला 2, उरलेल्या सगळ्या कॉन्फरन्सना मिळून 1 आणि खुल्या 3. एसीसी आणि बिग 12 यांना पाच विजेते आणि अकरा खुल्या जागा हे सूत्र हवं होतं. एसईसीही पुढे त्याच बाजूला झुकली. मग बिग टेनने चोवीसचा विचार पुढे केला, ज्यात कॉन्फरन्सचे अंतिम सामनेच रद्द होतील. दोघांचं जमलं नाही. जानेवारी 2026 मध्ये जाहीर झालं की 2026 च्या हंगामातही बाराच संघ राहतील.

4-4-2-2-1 ही योजना मला या सगळ्यात सर्वांत चुकीची वाटते. हंगाम सुरू होण्याआधीच आपल्या कॉन्फरन्सच्या चौथ्या संघाची जागा राखून ठेवायची म्हणजे सामने खेळायचे कशाला? संघ वाढवायची मागणी युसीएफ, ऑबर्न, टीसीयू अशा बाहेर राहिलेल्यांसाठी सुरू झाली होती. आता तीच मागणी सर्वांत श्रीमंत दोघांना आपल्या मधल्या फळीच्या संघांसाठी विमा म्हणून हवी आहे.

यात पैसा किती आहे?

ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी केलेला करार सहा वर्षांचा, वर्षाला सुमारे 1.3 अब्ज डॉलर. 2026 पासून त्यातला सुमारे 29-29 टक्के वाटा एसईसी आणि बिग टेनला, सुमारे 17 टक्के एसीसीला, सुमारे 15 टक्के बिग 12 ला. 2024 मध्ये नुसतं बारांत आल्याबद्दल 40 लाख डॉलर, आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्यास एकूण 2 कोटी. हे पैसे कॉन्फरन्सला जातात आणि तिथून वाटले जातात. नोटर डेमला मात्र कुणाशी वाटून घ्यावे लागत नाहीत.

खालच्या श्रेणीत 24 संघ खेळतात. मग वरच्या श्रेणीला काय अडचण?

एफसीएस नावाच्या खालच्या श्रेणीत 1978 मध्ये चार संघांनी सुरुवात झाली आणि 2013 पर्यंत आकडा 24 वर पोहोचला. ती स्पर्धा सुंदर चालते. पण तिथे कॉन्फरन्सचे वेगळे अंतिम सामने बहुतेक नसतात आणि नियमित हंगाम बहुधा आटोपशीर असतो. शिवाय ती स्पर्धा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, भरवते. वरच्या श्रेणीचा फुटबॉल हा असा एकमेव प्रकार आहे जिथे एनसीएए अजिंक्यपद देत नाही. प्लेऑफ कॉन्फरन्सच्या मालकीचा आहे. ज्यांना नियम करायचे तेच जागांचे लाभार्थी, हा फरक मोठा आहे.

खेळणाऱ्या मुलांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तो सगळ्यांत आधी यायला हवा. इंडियाना 2025 च्या हंगामात 16 सामने खेळली, मायामीही 16. व्यावसायिक एनएफएलचा नियमित हंगाम 17 सामन्यांचा असतो. ही 18 ते 23 वयाची मुलं, डिसेंबरात त्यांच्या परीक्षा असतात. 2024 मध्ये जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कोपर दुखावून बसला आणि प्लेऑफला मुकला. चोवीस संघ झाले तर काहींना पाच फेऱ्या खेळाव्या लागतील.

जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी सुमारे 2.05 कोटी डॉलरची मर्यादा होती. ही सुधारणा उशिरा का होईना झाली. पण प्रत्येक जादा फेरीमागे त्या मुलांचा हिस्सा किती, विमा कोणता, हे सामने वाढवण्याआधी ठरायला हवं.

वेळापत्रकाचा घोळ तर आहेच. ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन नोव्हेंबर 2025 अखेर, संघाची प्लेऑफची जागा जवळजवळ पक्की असताना, एलएसयूला निघून गेले. मुलं पीट गोल्डिंग यांच्या हाताखाली खेळली आणि जॉर्जियाला 39-34 असं हरवून उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. हंगाम चालू असताना नोकऱ्या बदलाव्या लागतील असं वेळापत्रक मोठ्या माणसांनी बनवलं आणि निस्तरलं मुलांनी.

तुमच्या मते किती संघ असावेत?

बारा. फार तर सोळा, तेही खुल्या जागा वाढवून. कुठल्याही कॉन्फरन्सला एकाहून जास्त हक्काची जागा नको. लहान कॉन्फरन्सना एकाऐवजी दोन जागा मिळाल्या तर मला आनंदच होईल. पहिल्या दोन फेऱ्या विद्यापीठांच्या मैदानांवर व्हाव्यात. आणि अंतिम सामना जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपावा, म्हणजे मुलं नव्या सत्राला वर्गात असतील.

घरच्या मैदानावरच्या सामन्याचं तिकीट मिळतं का? माझी भाची तिथे शिकते.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोटा असतो आणि तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. नावं जाहीर झाल्यापासून सामन्यापर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळतात, आणि ते नेमके परीक्षा संपून मुलं घरी जायच्या वेळेला येतात. भाचीला सांगा, विद्यापीठाचा संघ पहिल्या बारांत असेल तर डिसेंबरच्या सुट्टीचं भारताचं विमान तिसऱ्या आठवड्यानंतरचं काढ. थर्मल कपड्यांचे दोन थर, पायात लोकरी मोजे, आणि फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी पटकन उतरते.

भारतातून सामना पाहायचा तर किती वाजता उठायचं?

हिवाळ्यात अमेरिकेची पूर्व किनाऱ्याची वेळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. शुक्रवारी रात्री आठला सुरू होणारा सामना तुमच्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला. जानेवारी 2026 चा अंतिम सामना इथे संध्याकाळी साडेसातला होता, म्हणजे पुण्यात पहाटे सहा. चुलतभाऊ चहाचं आधण ठेवून बसला होता आणि इंडियाना 27-21 असं जिंकल्यावर पहिला फोन त्याचाच आला. पुढचा अंतिम सामना 25 जानेवारी 2027 ला लास वेगासला आहे. तुमच्याकडे तेव्हा 26 तारखेची सकाळ असेल, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी.